विरुद्ध पुरावा

करंजवणच्या मनोविज्ञान प्रयोगशाळेत शनिवारी अकरा वाजता दत्ताराम खोपडे आले ते तिळगुळाचा डबा घेऊनच. संक्रांत होऊन आठवडा उलटला होता, पण रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो, आणि खोपडेबाईंनी तो यंदा किलोभर केला होता. "घ्या मॅडम, गोड बोला," म्हणत त्यांनी डबा टेबलावर ठेवला, शेजारी आपली मनवही ठेवली आणि खुर्चीत ऐसपैस बसले.

त्यांचं ते ऐसपैस बसणं बघूनच डॉ. हेमांगी गोसावीला बरं वाटलं. नऊ आठवड्यांपूर्वी हाच माणूस खुर्चीच्या कडेवर टेकायचा, दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून. जमिनीवर ठेवलेल्या खुर्चीतूनही आपण पडू, अशी त्यांना धास्ती होती.

धास्ती उगाच नव्हती. करंजवण म्हणजे दोन मजली गाव. खालची पेठ नदीकाठी, वरची पेठ डोंगरमाथ्यावर, आणि मधे सरळसोट कडा. बारा वर्षांपूर्वी या कड्यावरून रज्जुमार्ग झाला. सरकारी कागदांत रज्जुमार्ग, लोकांच्या तोंडी दोरगाडी. शाळा वर, बाजार खाली, त्यामुळे सगळं गाव दिवसातून दोनदा त्या दोराला लटकायचं. दोर पाच खांबांवरच्या चाकांवरून धावतो, आणि त्या चाकांना दर आठवड्याला वंगण घालावं लागतं, झीज तपासावी लागते. झीज आपोआप तपासायला एकदा यंत्रनेत्र, म्हणजे कॅमेरे, बसवले होते. पहिल्याच वर्षी धुक्यानं आणि माकडांनी त्यांची वाट लावली. तेव्हापासून ते काम माणसाचं, आणि तो माणूस म्हणजे खोपडे. दीड वर्षापूर्वी कड्याच्या नाकावरच्या तीन नंबरच्या खांबावर त्यांचा पाय सटकला आणि कमरपट्ट्याच्या आधारानं ते चाळीस मिनिटं अधांतरी लोंबकळत राहिले. वाचले. पण त्यानंतर शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की पाचावर धारण बसायची. नोकरीची चार वर्षं उरलेली. ऑफिसात सांगायची सोय नाही. म्हणून ते गुपचूप हेमांगीकडे आले, आणि डॉक्टर म्हणून तिनंही ते गुपित गुपितच ठेवलं.

उपचार तसा जुनाच होता. भीती वाटली की ती कागदावर मांडायची. मनवही म्हणजे अशा विचारपत्रकांचीच वही, प्रत्येक पानावर सहा रकाने: घटना काय, मनात काय आलं, भीती शंभरपैकी किती, त्या विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, आणि शेवटी तोलून पाहिलेला विचार. डॉक्टरांची भेट आठवड्यातून एकदा, पण खरं काम मधल्या दिवसांत पेशंटनं घरी बसून करायचं. आणि इथंच घोडं पेंड खायचं. माणसं भेटीत शहाणी होतात आणि घरी गेली की दोन दिवसांत पुन्हा मूळपदावर येतात.

यावर तोड काढली ती डॉ. रेहाना मुजावरनं. रेहाना मेंदूशास्त्रज्ञ, हेमांगीची कॉलेजपासूनची मैत्रीण, कोल्हापूरची आणि बोलायला तशीच रोखठोक. पहिल्या दिवशी ती प्रत्येक पेशंटला सांगायची, "आठवण म्हणजे कपाटातली फाईल नव्हे. तुम्ही आठवलं की ती भिजवलेल्या कणकेसारखी मऊ होते आणि काही तासांनी पुन्हा घट्ट होते. मऊ असताना तिच्यात जे मिसळाल ते तिचंच होऊन जातं. आम्ही तेवढा वेळ ती जास्त मऊ ठेवतो, बाकी काही नाही." त्यासाठी दोन वस्तू होत्या. कानामागे चिकटवायची नखाएवढी कानपट्टी, जी मेंदूतल्या आठवणींच्या भागाला हलक्या चुंबकी लहरी देई. आणि रुजणी, म्हणजे एक लेखणी. रुजणी कागदावर चालू लागली की कानपट्टी जागी व्हायची. मनवहीत जे लिहाल ते रुजायचं.

"आणि एखाद्यानं खोटं लिहिलं तर?" असं मंजुरी देणाऱ्या समितीत कुणीतरी विचारलं होतंच.

"नसलेलं रुजत नाही," रेहाना ठामपणे म्हणाली होती. तिनं प्रयोगच करून दाखवला होता. 'काल माझ्या घरात वाघ आला' असं तीस जणांकडून रुजणीनं लिहून घेतलं. एकालाही वाघ आठवला नाही. "बीच नाही तर पाणी घालून काय उगवणार?"

समितीचं समाधान झालं. शिवाय रेहानाचा दंडक असा, की जे औषध पेशंटला ते आधी आपल्याला. म्हणून प्रयोगशाळेतल्या सगळ्यांच्याच कानामागे कानपट्ट्या होत्या आणि महिन्यातून एकदा रेहाना सगळ्यांच्या मनवह्या तपासायची.

आता वही तपासणार म्हटलं की आपली माणसं काय करतात ते वेगळं सांगायला नको. सुट्टीतली रोजनिशी आपण शाळा उघडायच्या आदल्या दिवशीच लिहिली ना? महिनाभराचं हवामान एका बैठकीत, वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे बाईंना संशय नको. वय वाढलं म्हणून खोड जाते थोडीच! हेमांगीसुद्धा एकदा-दोनदा जिन्यात बसून घाईघाईनं वही भरताना रेहानाला सापडली होती, आणि "शाळेतल्या पोरींसारखी आहेस गं" म्हणून रेहाना पोट धरून हसली होती.

हेमांगीची स्वतःची भीती एकच. तिची मुलगी मीरा अकरा वर्षांची. घरात मायलेकी दोघीच. मीरा रोज दोरगाडीनं वरच्या शाळेत जायची, आणि ती डब्यात बसली की ती उतरेपर्यंत हेमांगीचा जीव टांगणीला लागायचा. त्यात खोपड्यांचं गुपित कळल्यापासून तर झोपच उडाली. तिसऱ्या आठवड्यात तिनं त्यांना सरळ विचारलं होतं, "काका, खरं सांगा, खांबावर जाताय ना?" "जातोय की! वहीत लिहिलंय ना," ते म्हणाले होते. तरी तिच्या मनाला ते पटेना. पेशंटचं नाव घ्यायचं नाही, पण खात्री तर हवी. म्हणून तिनं दोरगाडीच्या पाटकी मॅनेजरांना सहज म्हणून फोन केला होता, चाकं नीट तपासली जातात ना म्हणून. पाटकी म्हणाले होते, "निश्चिंत राहा बाई, एकानं तपासलं की दुसरा माणूस पुन्हा तपासतो." तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. तिच्या मनवहीत विरुद्ध पुराव्याच्या रकान्यात तेच वाक्य होतं, आणि भीती नव्वदवरून पंधरावर आली होती.

आज सकाळी मीरा नेहमीसारखीच कुरकुरत गेली होती. थंडी म्हणून हेमांगीनं तिच्या अंगात लाल स्वेटर कोंबला होता. "आई, टोचतो गं!" "टोचू दे. येताना सगुणाबाईंकडचं काही खाऊ नकोस, घसा बसलाय." वरच्या स्टेशनाबाहेर बसणाऱ्या सगुणाबाईंकडून काहीतरी घेतल्याशिवाय मीरा कधी डब्यात बसायचीच नाही. उन्हाळ्यात कैरी, पावसाळ्यात शेंगा, थंडीत बोरं.

"मग काका," हेमांगी हसून म्हणाली, "या आठवड्यात?"

"एकदम फसक्लास! गुरुवारी तीन नंबरवर गेलो. चारही चाकांना वंगण घातलं. भीती किती म्हणाल तर दहा. खरं सांगतो मॅडम, वर वारा असा छान सुटला होता, आणि खाली शिडीच्या पायथ्याशी करवंदाची जाळी नुसती काळीभोर लगडलेली. मूठभर खाल्ली. अजून जीभ बघा."

हेमांगी हसली आणि मनवही तिनं जवळ ओढली. डोळ्यांत केवढा आनंद होता त्या माणसाच्या! 'करवंदं खाल्ली' हे तिनं आपल्या टिपणात लिहिलंसुद्धा. मग तिचं लक्ष तिळगुळाच्या डब्याकडे गेलं.

"काका," ती सावकाश म्हणाली, "गुरुवारी म्हणजे परवाच्या?"

"परवाच्याच."

"करवंदं होती?"

"होती म्हणजे काय! ढीगभर."

"काका, जानेवारी चालू आहे. करवंदं मे महिन्यात पिकतात."

खोपड्यांनी हसल्यासारखं केलं. "असतात एखाद्या जाळीला अवकाळी..." पण स्वतःच्या बोलण्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता. हेमांगीनं वही उघडली. सोमवार ते शनिवार, सहा पानं. एकाच दाबाचं अक्षर. कोपऱ्यात चहाचा एक डाग, सहाही पानांतून आरपार गेलेला.

"ही पानं कधी लिहिता?"

खोपडे चोरी सापडलेल्या मुलासारखे खाली बघू लागले. "शनिवारी. इथं यायच्या आधी, समोरच्या टपरीवर. पण काम रोज केलं हो, मॅडम! लिहिलं फक्त शनिवारी. आईशप्पथ!"

तो माणूस खोटं बोलत नव्हता. हे हेमांगीला स्पष्ट दिसत होतं. बेल दाबून तिनं रेहानाला बोलावून घेतलं.

रेहानानं सगळं ऐकलं आणि मान हलवली. "शक्यच नाही. नसलेलं रुजत नाही. वाघाचा प्रयोग विसरलीस का?"

"वाघ कुणी पाहिलाच नव्हता, रेहाना! बी नव्हतं. पण हे तीन नंबरच्या खांबावर दहा वर्षं चढलेत. शेकडो वेळा वंगण घातलंय यांनी. 'आज गेलो' असं लिहायला बसले की यांना काय आठवणार? कुठल्या तरी खऱ्या दिवशीचं खरं चढणं. वारा, शिडी, करवंदं, सगळं खरं. खोटी काय ती फक्त तारीख."

रेहाना खुर्ची ओढून बसली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "आणि आठवणीत सगळ्यात कच्ची असते ती तारीखच," ती हळूच म्हणाली. "आपल्याला पटकन कुठे सांगता येतं, अमुक गोष्ट गेल्या वर्षीची की त्याच्या आदल्या? जुनी आठवण मऊ झाली, तिला नवी तारीख चिकटली आणि तशीच घट्ट झाली. या अल्ला! मी जे करून दाखवलं ते वाघाबद्दल होतं. रोजच्या कामाबद्दल मी विचारच केला नाही."

"काय बोलताय तुम्ही दोघी?" खोपडे चिडले. "मी गेलो नाही म्हणता? अहो, ऑफिसनं दसऱ्याला वंगणाचा नवा डबा दिला, तो अर्धा संपवलाय मी. हा बघा!" त्यांनी पायाशी ठेवलेली कामाची पिशवी उघडली आणि डबा काढून टेबलावर आपटला.

डब्याच्या झाकणाभोवतीचं सील जसंच्या तसं होतं.

खोपड्यांनी बोटानं ते सील चाचपून पाहिलं, एकदा, दोनदा. खुर्चीच्या कडेवर सरकून त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"मग मी काय लावलं, मॅडम?" ते म्हणाले. "मला दिसतंय हो, मी लावतोय. बोटं काळी झालेली दिसतायत. मग मी काय लावलं?"

"नऊ आठवडे," रेहाना पुटपुटली. "नऊ आठवडे तीन नंबरची चाकं कोरडी आहेत."

"दीड वर्ष," खोपडे म्हणाले आणि रडू लागले. "वही सुरू व्हायच्या आधी तर मी जातच नव्हतो."

घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. शनिवारची शाळा बाराला सुटते.

"हेमांगी, दोरगाडी थांबवायला सांग. आत्ताच्या आत्ता."

हेमांगीनं घाईनं फोन उचलला. लगेच तिला आठवलं आणि तिनं सुस्कारा सोडला. "थांब, थांब. घाबरण्यासारखं नाही. मी पाटकींशी बोललेय ना! एकानं तपासलं की दुसरा पुन्हा तपासतो. म्हणजे काका गेले नसले तरी दुसरं कुणीतरी जातंय. मी स्वतः विचारलंय, रेहाना."

"नक्की?"

"अगं नक्की म्हणजे? त्यांचा आवाज अजून कानात आहे माझ्या. आधी त्यांना मी काय म्हणतेय ते कळेचना. म्हणाले, 'जरा मोठ्यानं बोला बाई, पत्र्यावर पाऊस...'"

तिचं वाक्य तिथेच थांबलं.

रेहाना तिच्याकडे बघत होती. "कधी केला होतास फोन?"

"डिसेंबरात."

करंजवणात डिसेंबरात पाऊस पडल्याचं कुणाच्या आजोबांनाही आठवत नव्हतं. हेमांगीनं फोनमधली यादी उघडली. पाटकींच्या नावापुढे एकच फोन होता. तेरा जून. मीराच्या शाळेच्या पासासाठी केलेला.

"ती डिसेंबरची वही," रेहाना म्हणाली. "तू जिन्यात बसून भरत होतीस. मी हसले होते. तुला फोन करायचा होता, हेमांगी. करायचा राहिला होता. तू म्हणालीस, आत्ता लिहून टाकते, संध्याकाळी करते."

हेमांगीला जिना आठवेना. तिला आठवत होता फक्त तो निश्चिंत करणारा आवाज. तिनं नंबर लावला.

"दुसरा माणूस?" पाटकी पलीकडून म्हणाले. "छे हो, खांबावर एकटा खोपडेच चढतो. सही त्याचीच चालते. दुसरा माणूस पुन्हा तपासतो ते पासाचे अर्ज, बाई. काय झालं?"

काय झालं ते तिनं सांगितलं. ओरडून, रडून, तोंडाला येईल तसं सांगितलं. आधी पाटकींना खरंच वाटेना. मग खोपड्यांनी फोन हिसकावून घेतला. "साहेब, दत्ताराम बोलतोय. मी वर गेलेलो नाही. दीड वर्ष. मला फाशी द्या हवं तर, पण गाडी बंद करा. एकदम थांबवू नका, झटका बसेल. हळू, अगदी हळू आणा."

तेवढ्यात हेमांगीचा दुसरा फोन वाजला. मीरा मनगटावरच्या फोनवरून बोलत होती. "आई, चार नंबरच्या डब्यात बसलेय. आज भूक लागलीय हं, थालीपीठ कर."

"मीरा, उतर! उतर आधी!"

"आई, सुटली गाडी. काय झालं?"

प्रयोगशाळेपासून खालचं स्टेशन पाच मिनिटांवर. हेमांगी अनवाणी पळाली. चप्पल कुठे गेली तिला कळलं नाही. पोटऱ्या भरून आल्या, आणि डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली, की भीती नव्वद होती तेव्हा ती बरोबर होती. नव्वद बरोबर होतं, आणि आपण ती हातानं पुसून टाकली. स्टेशनाबाहेर गर्दी जमली होती. सगळ्यांच्या माना वर. डबे इतके सावकाश येत होते की हलतायत की नाही ते कळत नव्हतं. वर, कड्याच्या नाकापाशी, काहीतरी करकरत होतं.

मग डबे एकेक करून खाली आले. पहिला आला. दुसरा. तिसरा. आणि चार नंबरच्या डब्याचं दार उघडलं आणि मीरा उतरली. दप्तर एका खांद्यावर, कपाळावर घाम, हातात तिखटमीठ लावलेली कैरीची फोड. "आई, तू इथे कशी?" ती म्हणाली. हेमांगीनं तिला उराशी धरलं. रडता रडता तिला हसू आलं, कारण घसा बसलेला असूनही पोरीनं सगुणाबाईंकडचं खाल्लंच होतं.

तीन आठवड्यांनी रेहाना हेमांगीच्या घरी आली.

ती फार वाळली होती. डोळे सुजलेले. प्रयोग बंद झाला होता, चौकशी चालू होती, प्रयोगातल्या दोनशे सतरा पेशंटांच्या वह्या आणि कानपट्ट्या गोळा करायला ती घरोघर फिरत होती. हातात एक कापडी पिशवी होती. ती तिनं दाराशीच ठेवली.

"ये ना," हेमांगी म्हणाली. "चहा टाकते. हल्ली जो येतो तो नुसता गप्प बसून राहतो, बाई. माझी बहीण आठ दिवस राहिली, एक शब्द बोलेल तर शपथ! आणि रात्री नुसती रडायची. मी म्हटलं, अगं, मीरा वाचली ना? मग?"

रेहाना खाली बसली. टेबलावर मनवही उघडी होती. रेहानानं ती हळूच जवळ ओढली आणि वाचली. पान उलटलं. पुन्हा उलटलं. 'आज मीरा शाळेतून उशिरा आली.' 'आज मीरानं भेंडी टाकून दिली.' 'आज मीराचा घसा बरा आहे.' एकवीस पानं, आणि प्रत्येक पानावर पाण्याचे सुकलेले थेंब. सगळ्यात आधीचं पान त्या शनिवारचं होतं.

"हेमांगी, त्या दिवशी काय झालं ते मला सांगशील?"

हेमांगीनं सांगितलं. अगदी तपशीलवार सांगितलं, डबा, दार, दप्तर, घाम, कैरी. सांगताना तिचा चेहरा उजळला होता. रेहानानं मधे एकदाही अडवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर तिनं हेमांगीचा हात हातात घेतला.

"जानेवारीत कैरी कुठली गं?"

स्वयंपाकघरात चहा उतू गेला. कुणी उठलं नाही.

"अगं... असेल कुठलीतरी..." हेमांगी म्हणाली, आणि तिला आपल्याच तोंडून खोपड्यांचा आवाज ऐकू आला. ती रेहानाकडे बघत राहिली. मग दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे. पिशवीच्या तोंडातून लाल लोकर दिसत होती. शंभर. ही भीती शंभर होती. हिच्यापुढे ते नव्वद काहीच नव्हतं.

"पोलिसांनी परत दिलाय," रेहाना म्हणाली. "चार नंबरचा डबा खाली आलाच नाही, हेमांगी. तिसऱ्या खांबावर दोर..."

"नको!" हेमांगीनं दोन्ही कान झाकले. बोटांना कानामागची कानपट्टी लागली.

"दे ती मला," रेहाना रडत म्हणाली. "वही दे, रुजणी दे. माझं ऐक, हे असं जगणं..."

"एक मिनिट. एकच मिनिट, रेहाना. एवढी एक चूक राहिलीय, ती दुरुस्त करते."

तिनं रुजणी उचलली. रेहाना तिचा हात धरू शकली असती. ही वस्तू तिनंच बनवली होती, आणि ती पुढे काय करणार हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण समोर मीराची आई बसली होती, आणि रेहानाचा हात उठला नाही. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

हेमांगीनं त्या शनिवारचं पान काढलं. 'कैरीची फोड' यावर एक नीट रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'बोरं'. थोडा विचार करून पुढे आणखी लिहिलं, 'अंगात लाल स्वेटर होता. टोचतो म्हणाली.' रुजणी थांबली तेव्हा तिचा श्वास संथ झाला होता. भीतीच्या रकान्यात तिनं शून्य घातलं, वही मिटली, आणि मीरा शाळेतून यायची वेळ झाली म्हणून थालीपिठाचं पीठ भिजवायला उठली.